कागद नाही, म्हणून तो माणूस नाही काय?

मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीचे दिवस असताना, पवनी तालुक्यातील एक वृद्ध माउली भंडाऱ्याच्या कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलापाशी येऊन बसली. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र. मुलगा पुण्याकडे बांधकामावर. तेथल्या ठेकेदाराने त्याला जन्माचा दाखला मागितलेला. मुलगा घरीच सुईणीच्या हातून जन्मला, ग्रामपंचायतीत नोंद कोणी केली नाही. शाळेत गेला नाही, दुसऱ्याच्या गुरांमागे गेला. त्यामुळे दाखल-खारीज रजिस्टरमध्येही नाव नाही. आणि ज्या गावात जन्मला ते गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेले! एका कार्यालयात तिला सांगितले, पुरावा आणा. दुसऱ्या कार्यालयात कोणीतरी हसत हसत विचारले, ‘काय बाई, बांगलादेशातून आलीस काय?’

ती मला म्हणाली, ‘वकीलसायेब, माहं गावच पान्यात गेलं. आता कोनाले इचारू?’

तिचा अर्ज मी लिहून दिला. परंतु त्या कार्यालयातील हसण्याने मला अस्वस्थ केले. जिच्या कित्येक पिढ्या वैनगंगेच्या काठावर दुसऱ्याचे धान रोवण्यात गेल्या, तिलाही आज परदेशी म्हणून हिणवता येते. का? तर तिच्याजवळ कागद नाही. म्हणूनच या देशात ‘घुसखोर’ या शब्दाभोवती जे राजकारण आणि जी पोलिसी कारवाई चालू आहे, तिच्याकडे आंबेडकरी जनतेने आपल्या नजरेने पाहिले पाहिजे. प्रस्थापित वृत्तपत्रे आणि वाहिन्या दाखवितात त्या नजरेने नव्हे.

काय चालू आहे, ते आधी पाहू. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळविले की, बांगलादेश वा म्यानमारमधून बेकायदा आल्याचा संशय असलेल्यांची पडताळणी ३० दिवसांत उरका. त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून २०२५ मध्ये, महाराष्ट्रातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेवर नेऊन बांगलादेशात ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे पुढे आल्यावर दोन्ही देशांच्या सीमा दलांची बैठक होऊन त्यांना परत आणावे लागले. म्हणजे भारताच्या नागरिकाला भारताच्याच यंत्रणेने हद्दपार केले! त्यांना कोणत्या न्यायाधीशासमोर उभे केले? कोणता वकील दिला? कोणता लेखी आदेश त्यांच्या हाती ठेवला? बंगाली भाषा, मुसलमानी नाव आणि हातावरचे पोट, एवढ्यावरच निकाल लागला.

हे आजचेच आहे, असेही नाही. १९९८ च्या जुलै महिन्यात मुंबई पोलीस बंगाली बोलणाऱ्या जरीकाम करणाऱ्या कारागिरांना रेल्वेने हावड्याकडे नेत होते. वाटेत उलुबेरिया स्थानकावर लोकांनी गाडी अडवून त्यांना सोडविले. हे आमचेच लोक आहेत, असे त्या लोकांचे म्हणणे होते. त्या घटनेला पाव शतक उलटून गेले. तेव्हाही प्रश्न हाच होता आणि आजही हाच आहे: एखादा माणूस परदेशी आहे हे कोणी ठरवायचे आणि कोणत्या पद्धतीने ठरवायचे?

‘घुसखोर’ हा शब्द एकदा उच्चारला की खटला चालविण्याची गरजच उरत नाही. आरोप, पुरावा आणि शिक्षा हे सगळे त्या एका शब्दात उरकून घेतले जाते. आपल्या समाजाला असे शब्द नवे आहेत काय? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी बांधवांनी त्या कायद्याखाली हजेऱ्या दिल्या, तारेच्या कुंपणात दिवस काढले. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पहिला पारधी उचलायचा, ही रीत गेली नाही. संशयावरून माणूस उचलायचा आणि निर्दोष असल्याचे त्यालाच सिद्ध करायला लावायचे, या न्यायाचे चटके आपल्याला ठाऊक आहेत. परदेशी नागरिकांसाठी १९४६ च्या कायद्यात हेच तत्त्व होते. मी परदेशी नाही, हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचे. तो इंग्रजी अमदानीतला कायदा रद्द करून १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. कायदा नवा आला, पण सिद्ध करण्याचा बोजा जुन्याच ठिकाणी राहिला.

आता बाबासाहेबांची राज्यघटना काय म्हणते, ते पाहू. मूलभूत हक्कांचे प्रकरण हाती घ्या आणि प्रत्येक कलमात कर्ता कोण आहे एवढेच पाहा. कलम १५, १६ आणि १९ मध्ये ‘नागरिक’ हा शब्द आहे. सरकारी नोकरीतील समान संधी, भाषणस्वातंत्र्य, देशात कोठेही राहण्याचा हक्क हे नागरिकांचे आहेत. पण कलम १४ पाहा. कायद्यापुढील समानता ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे. कलम २१ पाहा. जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य ‘कोणत्याही व्यक्तीचे’ आहे. कलम २५ चे धर्मस्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ आहे. कलम २३ ने माणसांच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला केलेली मनाई सर्वांसाठी आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २१ अ सहा ते चौदा वर्षांच्या ‘सर्व बालकांना’ शिक्षण देते, तेथेही नागरिकत्वाची अट नाही.

याला कोणी शब्दांची चूक म्हणेल, तर त्याने कलम २२ वाचावे. अटक झालेल्या व्यक्तीला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे हे कलम सांगते. पुढे त्याच कलमाच्या तिसऱ्या खंडात अपवाद दिले आहेत. त्यातला एक अपवाद आहे शत्रुराष्ट्राच्या नागरिकाचा. दुसरा आहे प्रतिबंधक स्थानबद्धतेचा. याचा अर्थ काय? हे संरक्षण परक्या माणसालाही लागू होईल, हे घटनाकारांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी परक्यांपैकी फक्त शत्रूला वगळले. विटा भाजायला, जरी भरायला, भांडी घासायला आलेला कंगाल परदेशी त्यांनी वगळला नाही. त्याच्याजवळ पासपोर्ट नसेल, व्हिसा नसेल. तरी तो ‘व्यक्ती’ आहेच!

नागरिकत्वाच्या कलमांवर घटना समितीत १९४९ च्या ऑगस्ट महिन्यात चर्चा झाली. १० ऑगस्टला बाबासाहेबांनी ही कलमे मांडली, तेव्हा एक कलम सोडले तर दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दिली नाही, असे ते म्हणाले. फाळणी नुकतीच झालेली. रक्त वाळलेले नव्हते. लाखो निर्वासित तंबूत होते. अशा वेळी आपल्या विदर्भाचेच एक थोर नेते, शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव देशमुख, यांनी दुरुस्ती मांडली. जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि अन्य कोणत्या देशाचा नागरिक नाही, त्याला तो कोठेही राहत असला तरी भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी ती सूचना होती. भाऊसाहेबांनी अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यात अस्पृश्यांची बाजू घेतली, हे आपण कृतज्ञतेने स्मरतो. पण या प्रश्नावर घटना समितीने त्यांचे ऐकले नाही. १२ ऑगस्टला त्यांची दुरुस्ती फेटाळली गेली. नागरिकत्वाच्या दारावर धर्माचा पहारेकरी बसवायचा नाही, हा निर्णय त्या दिवशी या देशाने जाणूनबुजून घेतला. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात केलेल्या दुरुस्तीने तो पहारेकरी सत्तर वर्षांनी दारावर आणून बसविला.

येथे आपल्यातील काही बांधव म्हणतात, ‘वकीलसाहेब, त्या कायद्यात बौद्धांचे नाव आहे. मग आपल्याला काय त्रास?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दूर जायला नको. १९९९ पर्यंत जो भाग आपल्या भंडारा जिल्ह्यात होता आणि आता गोंदिया जिल्ह्यात आहे, त्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात चला. तेथे गोठणगाव-प्रतापगड परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली. जिल्हा बदलला तरी तिबेटी लोक तिला अजूनही भंडाऱ्याच्याच नावाने ओळखतात. हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणारे हे तिबेटी आपल्या ओळखीचे आहेत. ते बौद्ध आहेत. चीनच्या जुलमातून ते आले, यावर कोणाचे दुमत नाही. मग २०१९ च्या दुरुस्तीत त्यांचे नाव आहे काय? नाही! तिच्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान हे तीनच देश आहेत. चीन नाही, म्यानमार नाही, श्रीलंका नाही. बौद्धांच्या प्रेमातून कायदा झाला असता, तर शेजारच्या तालुक्यातला बौद्ध त्यातून सुटला असता काय?

या तिबेटी बांधवांची कथा आणखी उद्बोधक आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारताच्या भूमीवर जन्मलेली व्यक्ती जन्माने भारताची नागरिक आहे. राजनैतिक अधिकाऱ्यांची मुले असे मोजके अपवाद सोडले तर आईबाप कोण, हा प्रश्न तेथे येत नाही. तरीही या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटींना वर्षानुवर्षे परदेशी म्हणूनच नोंदणीची वही देण्यात आली. १९८६ साली हिमाचल प्रदेशात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला पासपोर्ट नाकारला गेला. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २२ डिसेंबर २०१० रोजी न्यायालयाने सांगितले की ती जन्मानेच भारतीय आहे. कायदा १९५५ चा, जन्म १९८६ चा आणि न्याय २०१० साली! मधल्या काळात सरकारच आपल्या नागरिकाच्या हाती परदेशीपणाचा कागद देत होते. सरकारी कागद म्हणजे सत्य, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर आहे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या अशा वसाहती गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतही आहेत. या लोकांत नमोशूद्र मोठ्या संख्येने आहेत. नमोशूद्र म्हणजे कोण, हे आंबेडकरी वाचकाला सांगायला हवे काय? १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीत जाण्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा बंगालने त्यांना पाठविले. बारिसालचे जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सोबतच्या दलित आमदारांनी मते दिली, म्हणून बाबासाहेब घटना समितीत पोहोचले. फाळणीने ते सदस्यत्व गेले आणि १९४७ च्या जुलैमध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. पण पहिले दार उघडले ते नमोशूद्रांच्या प्रतिनिधींनी! मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन निर्वासितासारखे भारतात परतले. त्यांचा समाज त्यांच्या मागे-पुढे सीमा ओलांडत राहिला. कोणी दंडकारण्यात गेला, कोणी आपल्या झाडीपट्टीत आला.

त्या समाजाच्या वाट्याला काय आले? पश्चिम बंगालात जो नमोशूद्र अनुसूचित जातीत आहे, तो महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे त्याच्या मुलाला येथे जातीचा दाखला नाही. जे आधी आले त्यांचा संसार कसाबसा लागला. जे १९७१ नंतर आपल्या भावकीकडे कागदाशिवाय आले, ते कायद्याच्या भाषेत ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ झाले. ३ डिसेंबर २००४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर आईबापांपैकी एक जण जरी बेकायदेशीर स्थलांतरित असला, तरी येथे जन्मलेल्या लेकराला जन्माने नागरिकत्व नाकारले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पाठबळावर घटनेचा शिल्पकार घटना समितीत गेला, त्यांच्याच नातवंडांना त्या घटनेच्या उंबरठ्यावर कागद मागितला जातो. आणि आपण त्यांना ‘बंगाली लोक’ म्हणून बाजूला सारतो! ही आपली कृतज्ञता आहे काय?

कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परदेशी माणसाला भारतात राहण्याचा हक्क नाही. राहण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे आणि ते कलम नागरिकांचे आहे. परदेशी व्यक्तीला देशाबाहेर पाठविण्याची सरकारची सत्ता सर्वोच्च न्यायालयाने १९५५ पासून मान्य केली आहे. १९९१ मध्ये ती पुन्हा सांगितली. २००५ साली आसामच्या प्रकरणात पुराव्याचा बोजा संशयितावर टाकणेही न्यायालयाने योग्य ठरविले. ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतील रोहिंग्यांना दिलासा देण्यास न्यायालयाने नकार दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की केवळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक होत नाही. हे सर्व खरे आहे. ते लपवून चळवळ चालत नाही.

परंतु त्याच २०२१ च्या आदेशात न्यायालयाने दोन गोष्टी मान्य केल्या. कलम १४ आणि २१ प्रत्येक व्यक्तीला आहेत आणि ठरविलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय कोणालाही परत पाठविता येणार नाही. म्हणजे बाहेर काढण्याची सत्ता आहे, पण काढण्याची रीतही आहे. ती रीत न्याय्य, वाजवी आणि मनमानी नसलेली असली पाहिजे, हे १९७८ च्या मनेका गांधी निकालापासून ठरलेले आहे. रात्री वस्तीवर जाऊन माणूस उचलणे आणि सीमेवर नेऊन पलीकडे ढकलणे, ही कोणत्या कायद्यातली रीत आहे? जुलै २०२४ मध्ये आसामातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, काहीही आधार हाती नसताना कोणाच्याही दारावर जाऊन ‘तू परदेशी नाहीस हे सिद्ध कर’ असे म्हणता येणार नाही. त्या प्रकरणातील माणूस भारतीय ठरला. पण तो निकाल ऐकायला जिवंत राहिला नव्हता.

चकमा बांधवांचे प्रकरण तर प्रत्येक बौद्धाने वाचले पाहिजे. पूर्व पाकिस्तानातील चितगाव डोंगराळ प्रदेशात कप्ताई धरण बांधले गेले आणि चकमांची जमीन पाण्याखाली गेली. त्यातले हजारो लोक १९६४ पासून आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविले गेले. ते धर्माने बौद्ध आहेत. तीस वर्षांनी तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांना चालते व्हा म्हणून मुदत दिली आणि राज्य सरकार डोळे मिटून बसले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने निर्णय दिला की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करण्यास राज्य बांधील आहे. धरणाने उठविलेल्या त्या बौद्धांना वाचविले ते कलम २१ ने. त्या कलमात ‘व्यक्ती’ऐवजी ‘नागरिक’ शब्द असता तर? गोसेखुर्दने उठविलेली माझी पवनीची माउली आणि कप्ताईने उठविलेला चकमा यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

कोणी म्हणेल, बाहेरून येणारा आपल्या मजुराची रोजी खातो. या म्हणण्यात दुःख आहे, ते मी नाकारत नाही. पण विचार करा. कमी मजुरीत त्याला ठेवतो कोण? ठेकेदार! ज्याला पोलिसाची भीती आहे, तो मजुरी बुडाली तरी तक्रार करीत नाही. म्हणून ठेकेदाराला तोच हवा असतो. त्याचे हक्क जेवढे काढून घ्याल, तेवढा तो स्वस्त होईल आणि आपला माणूस तेवढा महाग ठरून घरी बसेल. किमान वेतनाचा कायदा सर्वांना सारखा लावा. मग पाहा, परक्याला ठेवण्याची हौस किती उरते!

दुसरा कोणी म्हणेल, हा मुसलमानांचा प्रश्न आहे. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली, तेव्हा १९ लाख ६ हजार ६५७ माणसे बाहेर राहिली. त्यात हिंदू होते, दलित होते, आदिवासी होते, लग्न होऊन सासरी गेलेल्या असंख्य बाया होत्या. कागदाची चाळणी धर्म पाहून थांबत नाही. ती गरिबाला, निरक्षराला आणि बाईमाणसाला आधी गाळते. आपल्या महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये उशिरा केलेल्या जन्मनोंदींचे दाखले देणे राज्य सरकारने थांबविले आणि मार्चमध्ये नवे कडक नियम आणले. कारण सांगितले बांगलादेशींचे. खेटे कोण घालतो आहे? तांड्यावरचा बंजारा, पालावरचा भटका आणि पवनीची माउली!

आणि कागदाचा जाच आपल्याला कोणी शिकवावा? जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणताना किती पोरांची प्रवेशाची तारीख निघून गेली! कोतवाल बुकाची नक्कल मिळविताना किती बाप तहसीलच्या पायऱ्या झिजवून थकले! १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्र सरकारने कागदावरचा धर्म पाहून सवलती काढून घेतल्या. त्या परत मिळायला १९९० साल उजाडले. माणूस तोच, वस्ती तीच, जोहार सोडून जयभीम म्हणू लागला एवढाच बदल. पण चौतीस वर्षे कागद माणसापेक्षा मोठा ठरला. ज्या समाजाने हे भोगले, त्याने दुसऱ्याच्या गळ्यात तोच फास पाहून टाळ्या वाजवाव्यात काय?

जगाकडेही पाहा. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यातून १०४ भारतीयांना हातकड्या आणि पायात साखळ्या घालून आणले होते. त्यात महाराष्ट्रातीलही माणसे होती. तेव्हा साऱ्या देशाला संताप आला आणि तो योग्यच होता. ती माणसे कायद्याने तेथे परकी होती, कागद नसलेली होती. तरीही ती माणसे आहेत, जनावरे नव्हेत, असे आपण म्हटले. मग हाच न्याय आपल्या भूमीवरील परक्याला का नको? त्याच अमेरिकेत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली. तिच्यातही कायद्याचे समान संरक्षण ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे. त्या एका शब्दाच्या बळावर १९८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्याला बजावले की कागदपत्रे नसलेल्या आईबापांच्या मुलांना सरकारी शाळेतून हाकलता येणार नाही. गुलामांसाठी लिहिलेला शब्द परक्यांच्या लेकरांच्या उपयोगी पडला. पीडितांसाठी मिळविलेला हक्क असाच पसरत जातो. आणि तो आकसू लागला की पुन्हा पीडितांपर्यंतच येऊन पोहोचतो.

म्हणून आंबेडकरी चळवळीने या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घेतली पाहिजे. सीमा उघड्या टाका, असे आपण म्हणत नाही. आपण म्हणतो, घटना पाळा. संशयावरून उचललेल्या प्रत्येक माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. तो जे गाव सांगतो, त्या गावाकडून खातरजमा झाल्याशिवाय आणि लेखी आदेश त्याच्या हाती दिल्याशिवाय त्याला हलवू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळतो, तेथे नागरिकत्वाचा दाखला लागत नाही. आपल्या तरुण वकिलांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नावे घालावीत आणि अशी प्रकरणे मागून घ्यावीत. तिबेटी वसाहतीत १९८७ पूर्वी जन्मलेल्यांना त्यांचे नागरिकत्व विनासायास मिळावे. नमोशूद्रांना महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा, ही मागणी आपल्या व्यासपीठावरून झाली पाहिजे.

आणि आपल्या वस्तीचे काम आपणच करावे. प्रत्येक बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर तासभर बसा. वस्तीत कोणाची जन्मनोंद नाही, कोणाचे नाव शाळेत एक आणि आधारवर दुसरे आहे, कोणाचे गाव धरणात गेले, याची वही करा. अर्ज लिहून द्या. गोसेखुर्दच्या पुनर्वसित गावठाणांत हे काम सर्वांत आधी झाले पाहिजे.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब या भंडाऱ्यातून लोकसभेसाठी उभे राहिले आणि आपल्या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले नाही. ती सल जुन्या माणसांच्या मनात आजही आहे. मत देऊन जे जमले नाही, ते त्यांच्या घटनेतला एक शब्द सांभाळून करता येईल. ‘व्यक्ती’ हा तो शब्द आहे. पासपोर्ट असलेला, नसलेला, आपल्या भाषेचा, परक्या भाषेचा, विहारात जाणारा, मशिदीत जाणारा, सगळे त्यात बसतात. त्यातून एकाला बाहेर काढण्याची मुभा सरकारला दिली, तर दुसरा क्रमांक कोणाचा लागेल, हे पवनीच्या त्या माउलीला विचारा. तिला तो प्रश्न हसत हसत विचारून झालेला आहे.

जयभीम!